खासदारांसाठी मांडलेलं पान

आमच्या भागाचे पहिले खासदार फार विद्वान होते, असं चांद्यातले म्हातारे आजही सांगतात. दिल्लीत ते बोलायला उभे राहिले की विरोधी बाकांवरचे लोकही कान देत, म्हणतात. मी ऐकून घेतो. त्यांच्या विद्वत्तेबद्दल माझी तक्रार नाही. ते दोनदा निवडून गेले, दुसऱ्या खेपेला आमच्या गावची मतं नसतानाही गेले, त्याबद्दलही नाही. माझी तक्रार जेवणाची आहे. ते आमच्या घरी दोनदा जेवायला आले. पहिल्या वेळचं मी चारचौघांत रागाने सांगतो. दुसऱ्या वेळचं सहसा सांगत नाही.

आम्ही ढिवर. धानोऱ्याच्या वाटेवर एका मोठ्या तलावाच्या पाळीखाली, मातीच्या बांधाच्या पायथ्याशी, आमचं गाव. तलाव मालगुजारांचा, म्हणजे गावच्या जमीनदारांचा, मासे त्यांचे, पाण्यात उतरायचं आम्ही. हेच मालगुजार पुढे खासदार झाले. माझी माय त्यांच्याकडे धान कांडायला जायची. तिने कांडलेल्या तांदळाचा नैवेद्य त्यांच्या देवाला चालायचा. पण एकदा अचानक सर आली म्हणून तिने अंगणात वाळत घातलेले पापड उचलून ओसरीवर नेऊन ठेवले, तर ते सगळे पापड बाटले म्हणून गड्यांना वाटून टाकले. माय हे हसत सांगायची. "तवा पोटभर पापड खाल्ले आमी." आणि हसून झालं की म्हणायची, "एक डाव माह्या हातचं त्यायच्या पानात पडावं बाप्पा. मंग मी मरासाठी मोकळी."

मी जाळं लवकरच सोडलं आणि जंगलच्या मालात पडलो. हिरडा, चारोळी, लाख. धानोरा, एटापल्लीकडून माल उचलायचा आणि वरोऱ्याच्या व्यापाऱ्यांना घालायचा. माझ्या पाठीशी कुणी नव्हतं. होते ते माझे डोळे आणि माझी जीभ. पोत्यात हात कोपरापर्यंत घातल्याशिवाय मी भाव बोललो नाही. वर कोरडी आणि खाली ओली चारोळी भरणाऱ्याला मी भर बाजारात तराजूचं पारडं फेकून मारलं आहे. त्यामुळे लोक मला शेट म्हणत आणि जरा लांबूनच म्हणत.

मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, आणि पाठोपाठ पहिली निवडणूक आली. मालगुजार उभे राहिले. देव, धर्म, गाय आणि वाडवडिलांची रीत, एवढंच ते बोलत आणि चांगलं बोलत. तलावांच्या काठची ढिवरांची गावं माझ्या शब्दातली होती, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी मला बोलावलं. ते ओसरीवर बसले होते, मी खाली उभा.

"काय हवंय तुला?" त्यांनी विचारलं. त्यांना वाटलं मी जंगलाचा ठेका मागेन.

"काही नाई मालक. निवडून आले का माह्या घरी जेवाले या. गावासमोर."

 ते म्हणाले, "येईन. तुझ्या घरी बसून जेवेन."

असा सौदा जिल्ह्यात कुणी केला नसेल, असं मला परतताना वाटत होतं. मायला सांगितलं तर तिने दोन्ही हात पदराला पुसले आणि विचारलं, "तिखट खातात का रे ते?"

निवडून आल्यावर ते दिल्लीला गेले आणि परत आल्यावर त्यांनी दिवस कळवला. माय पहाटे उठली. कोहळ्याची भाजी, लाखोळीच्या डाळीचे वडे, तांदळाची खीर. वड्यांची टोपली भरली तेव्हा दारात बैलगाडी थांबली. तीतून आचारी उतरला, त्याच्यामागून तांब्याची भांडी, पाण्याची घागर, शिधा, तेल. सरपणसुद्धा त्यांनी घरून आणलं होतं.

"बाई, चूल मोकळी करा," आचारी म्हणाला. "मालकांचा स्वयंपाक मी करणार."

माय माझ्याकडे पाहू लागली. मी, माणसावर पारडं फेकणारा, त्या वेळी माझा राग कुठे गेला मला ठाऊक नाही. अख्खं गाव जमायला लागलं होतं. जीप येताना दिसेल म्हणून पोरं पाळीवर चढली होती. आता मोडता घातला तर खासदार येणारच नाहीत, एवढंच मला दिसत होतं.

"माय," मी म्हणालो, "तू जरा गोठ्याकडं जा."

ती टोपली उचलून गेली. आचाऱ्याने तिची चूल शेणाने सारवली, तिच्यात त्यांचं सरपण पेटवलं.

खासदार आले, माझ्या घरात बसले, जेवले. गाव दारातून पाहत होतं आणि कुणी खोकतही नव्हतं. निघताना ते मला म्हणाले, "झालं ना तुझ्या मनासारखं?" त्यांनी शब्द तंतोतंत पाळला होता. माझ्या घरी जेवायचं ठरलं होतं. कुणाच्या हातचं, हे मी बोललोच नव्हतो. उभ्या आयुष्यात त्या एका पोत्यात मी हात घातला नव्हता.

"हो मालक," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी तलावावर एक जण बाकीच्यांना ऐकू जाईल असं ओरडला, "शेट, तुह्या घरी मालकायची खानावळ कवा उघडली जी?" आठवडाभर तेच चाललं.  माय फक्त एकदा भाकर थापता थापता म्हणाली, "गोठ्यात वास आला होता त्यायच्या वरनाचा. हिंग लय टाकला होता."

पुढची पाच वर्षं ते दिल्लीत गाजले. लग्नाचे, वारशाचे नवे कायदे येत होते आणि ते प्रत्येकाला विरोध करत होते. वरोऱ्याच्या व्यापाऱ्याच्या गादीवर मी वर्तमानपत्र वाचत असे. एकदा त्यांचं भाषण छापून आलं होतं की सरकारने माणसाच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकू नये. मी तो कागद चुरगळला आणि मोठ्याने शिवी दिली. व्यापारी घाबरून म्हणाला, "क्या हुआ सेठ, भाव गिरा क्या?"

दुसऱ्या निवडणुकीपर्यंत वारं फिरलं. विरोधातला उमेदवार कुणाच्याही झोपडीत शिरायचा, मांडी घालून बसायचा आणि आंबील मागून प्यायचा. लोक त्याच्या गोष्टी सांगत. मग एका सकाळी खासदारांचा निरोप आला, आज दुपारी जेवायला येतो. मायने निरोप आणणाऱ्याला दोनदा विचारलं, "आचारी?" तो म्हणाला, "नाई बाई. तुमच्याच हातचं."

मी तिला म्हणालो, "काऊन करतं? मतासाठी येऊन राह्यले ते."

"येऊ दे ना," ती म्हणाली. "त्यायले मत पायजे, मले वाढाचं हाय." आणि ती डाळ वाटायला बसली.

दुपारी जीप आली. खासदार आणि नागपूरचा एक ड्रायव्हर, बाकी कुणी नाही. खासदार थकलेले दिसले. "भाऊ," ते मला म्हणाले, "तुमच्या आईचं आमच्याकडून राहून गेलं होतं." तू जाऊन तुम्ही झालं होतं. मला ते सुद्धा लागलं. मतांचा हंगाम नसता तर मी तूच राहिलो असतो.

ते पाय धुऊन पाटावर बसले. मायने पत्रावळ मांडली, भात वाढला, वरण, भाजी, वडे. एक शीत बाहेर पडलं नाही. खासदार पानाकडे पाहत होते. त्यांचा हात मांडीवरच होता. कपाळावर घाम होता. माय भिंतीला टेकून उभी राहिली आणि पहिल्या घासाची वाट पाहू लागली.

आणि मी दारातून ओरडलो.

"आता माय आठवली काय? तवा तिले चुलीपासून उठवलं होतं ना? मंग आज तुमी पानावरून उठा. उठा मालक! मतं पायजे तर पाळीवर सभा घ्या, माह्या घरी नाई."

खासदारांनी मान वर केली. मी आयुष्यभर माणसांची तोंडं वाचून पोट भरलं आहे. पडत्या भावाच्या सौद्यातून सुटलेल्या माणसाच्या तोंडावर जे येतं, तेच त्यांच्या तोंडावर आलं होतं. त्यांची सुटका झाली होती. आणि ती मी केली होती.

"तुमचा राग बरोबर आहे," ते म्हणाले आणि लगेच उठले. मायकडे वळून हात जोडले. "येतो बाई."

"अवो मालक, एक घास तरी..."

ते अंगणात पोचलेही होते.

माय माझ्याकडे वळली. "तू कोन रे त्यायले उठवनारा? वाढलं मी होतं."

"तुह्याचसाठी बोललो, माय."

"माह्यासाठी?" ती म्हणाली. "मले गोठ्यात धाडलं तेबी माह्यासाठीच काय?"

 ती माझ्या शेजारून दारात गेली. ड्रायव्हर जीपला टेकून उभा होता.

"जेवला काय रे बाबू?"

त्याने आधी खासदारांकडे पाहिलं, मग आत मांडलेल्या पानाकडे. "नाही बाई. सकाळी नुसता चहा झाला."

"ये मंग. पान मांडूनच हाय."

"उशीर होतोय," खासदार म्हणाले.

"वाढलेलं अन्न आहे, मालक," ड्रायव्हर म्हणाला, "टाकून कसं जायचं?" आणि चपला काढून तो सरळ आत जाऊन खासदारांच्या पाटावर बसला.

खासदारांना जीप चालवता येत नव्हती. ते तिच्या सावलीत जाऊन उभे राहिले. अंगणात दुसरी सावली नव्हती आणि घरात जायची माझी छाती नव्हती, म्हणून मीही तिथेच गेलो. आम्ही शेजारी शेजारी उभे होतो. त्यांनी एकदा विचारलं, "किती वेळ लागेल?" मी म्हणालो, "माहीत नाई."

आतून मायचा आवाज येत होता. मीठ बराबर हाय ना? अजून एक वडा घे. लाजू नोको. ड्रायव्हर तोंड भरून काहीतरी म्हणाला आणि माय मोठ्याने हसली. खासदारांनी रुमालाने मान पुसली. मी खाली पाहत उभा होतो. मग खिरीचं भांडं सरकवल्याचा आवाज आला.