पहिल्या नंबरची जोडी

रक्ताच्या पहिल्याच नळीवर मी चूक केली. चिठ्ठीवर नंबर, नाव आणि वय लिहायचं, असा आमच्या प्रयोगशाळेचा नियम. मी 'नंबर १, वहिनी' एवढं लिहून मोकळा झालो आणि वयापाशी येऊन अडलो. मद्रासला सात वर्षं इन्फ्लुएंझाच्या विषाणूंवर काम केलेला माणूस स्वतःच्या घराच्या ओट्यावर, सगळ्या गल्लीदेखत, लेखणी तोंडात धरून बसला होता. चार वर्षांचा असल्यापासून जिनं वाढवलं, तिचं वय काही त्याला ठाऊक नव्हतं.

"तुझ्या वयांत अकरा मिळव," वहिनी म्हणाली. "आणि ती लेखणी तोंडांतून काढ. रोग कसा पसरतो तें लोकांना शिकवायला आलास नव्हे?"

सत्तावन्न सालचा उन्हाळा होता. ताप बोटीनं मद्रासच्या बंदरात उतरला आणि तिथून आगगाडीनं गावोगाव निघाला. लहान गावात जाऊन तापाच्या पहिल्याच दिवशी माणसांना गाठेल, असा कुणीतरी आमच्या साहेबांना हवा होता. मी सगळ्यांच्या आधी हात वर केला. त्यात विज्ञानाची तळमळ किती आणि कुंभकोणमच्या घरच्या जेवणाची ओढ किती, हे साहेबांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. बायकोला घेऊन निघालो.

काम सांगायला सोपं होतं. एका माणसाचं रक्त दोनदा घ्यायचं. ताप आल्या दिवशी एकदा आणि चौदाव्या दिवशी परत. विषाणूशी झुंजणारं द्रव्य दुसऱ्या रक्तात पुष्कळ वाढलेलं दिसलं, की ताप त्याच विषाणूचा हे ठरलं. अशा जोड्या हातात असल्या तरच लशीचं पुढचं काम चालायचं. एकटं रक्त मुकं. पहिलं घेतलं आणि दुसरं राहिलं, तर पहिलंही फुकट.

पण पहिलं तरी देतंय कोण? आमची गल्ली, इकडे मराठ्यांचं राज्य होतं तेव्हा येऊन राहिलेल्यांची. घरात विठ्ठल, बाहेर तमिळ, आणि पुण्याच्या माणसाला आजोबांची आठवण यावी अशी मराठी. आमच्या घरात कांदासुद्धा येत नसे, आणि मी मद्रासला कोंबडीच्या अंड्यांत विषाणू वाढवून पोट भरत होतो. वहिनीनं 'तो औषधखात्यांत आहे' म्हणून वर्षानुवर्षं वेळ मारून नेली होती. आता मी सुई घेऊनच आलो, तेव्हा समोरच्या घरातल्या अत्याबाई आपल्या ओट्यावरून सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "मद्रासेस जाऊन शिकला काय, तर रक्त शोषायला!"

नेमकी त्या दिवशी सकाळी वहिनीलाच कणकण आली. तिनं अंगावर शाल घेतली, ओट्यावर येऊन बसली आणि दंड पुढे केला. अण्णा, माझे थोरले भाऊ, दारात उभे राहून बघत होते. रक्त काढून होईपर्यंत वहिनी अत्याबाईंशी आमसुलाविषयी बोलत होती. मग म्हणाली, "झालें! डांस याहून जास्त पितो. अत्याबाई, तुम्हांस काल रात्रीं शिंका येत होत्या, मी ऐकल्या. या."

अत्याबाई आल्या. त्यांच्या मागून संध्याकाळपर्यंत आणखी आठ जण आले. प्रत्येकाला 'आजपासून चौदाव्या दिवशीं परत' असं वहिनीच बजावत होती. मी नुसता सुई टोचत होतो.

बहुतेकांचा ताप चौथ्या दिवशी उतरला. वहिनीचा उतरला नाही. तो छातीत गेला. डॉक्टर दोनदा येऊन गेले. पाचव्या दिवशी दुपारी मी नळ्यांसाठी स्टेशनाजवळच्या कारखान्यातून बर्फ आणायला गेलो होतो. सायकलच्या मागे भुशात गुंडाळलेली लादी बांधून गल्लीत शिरलो, तर सगळे ओटे रिकामे आणि आमच्या दाराशी चपलांचा ढीग. सायकल मी भिंतीला लावली की तशीच सोडली, आठवत नाही. तो बर्फ बायकोनं उचलून फोडला आणि नळ्यांच्या डब्यात भरला. मला नळ्या आठवल्या नव्हत्या. या विषयावर मी पुढे कितीतरी व्याख्यानं दिली. त्या दिवशी माझं सगळं ज्ञान अंगणात पाणी होऊन गेलं असतं.

सुईनंच गेली असं गल्लीत कुणी म्हटलं का, ठाऊक नाही. मी मनात शंभरदा म्हटलं.

सुतक आलं. दहा दिवस आम्ही कुणाच्या घरी जायचं नाही, कुणाला शिवायचं नाही. रक्ताचा चौदावा दिवस आणि वहिनीचा दहावा दिवस एकच येत होता. मी तो हिशेब केला आणि सोडून दिला. खरं सांगायचं तर सुतकाचं बरंच वाटलं. सुई हातात धरायची इच्छाच उरली नव्हती.

दहाव्याला कावेरीवरचे विधी उरकून आम्ही घरी आलो. दुपारी माणसं समाचाराला आली. अत्याबाई भिंतीला टेकून बसल्या, डोळ्यांना पदर लावला, थोडा वेळ रडल्या. मग पदर खाली घेऊन मला म्हणाल्या, "आज चौदावा नव्हे कां रे?"

"हो. पण सुतक आहे, अत्याबाई. मी कसा शिवूं?"

"इथून उठून आम्हीं घरीं जाऊन न्हाणारच कीं! सुतकाच्या घरीं आलों म्हणून एकदां न्हायचें आणि तूं शिवलास म्हणून दुसऱ्यांदा न्हायचें, असें कुठल्या शास्त्रांत आहे? आण तुझी सुई. तिनें चारदां बजावलें होतें मला."

बाकीचे आठही त्या दिवशी आले होते. समाचाराला म्हणूनच आले होते. पण एकेकानं उठून बाही वर केली. नऊ नळ्या भरल्या. एका बापड्याला मी तीनदा टोचलं. तो म्हणाला, "असूं दे, असूं दे," आणि माझीच पाठ थोपटली.

माणसं गेल्यावर मी डबा आवरत होतो, तेव्हा अण्णा येऊन समोर बसले. मुंडण केलेलं डोकं, अंगावर ओला पंचा.

"एक नंबर राहिला," ते म्हणाले.

मी डब्याचं झाकण लावलं.

"माझें घे."

"अण्णा, तें तसें नसतें..."

"एकोणतीस वर्षें माझ्या उष्ट्या ताटांत जेवली ती. रक्त काय वेगळें असणार आहे?" त्यांनी दंड पुढे केला. "घे. तिचें फुकट जाऊं देऊं नको."

नाही म्हणायला हवं होतं. विज्ञान जाणणारा त्या घरात मी एकटाच. मी दंडाला रबर बांधलं, रक्त घेतलं आणि नळीवर 'नंबर १' लिहिलं.

मद्रासला सगळ्या नळ्या तपासल्या. नऊपैकी आठ जोड्या स्वच्छ जमल्या. मग मी ती नळी काढली. वहिनीच्या रक्तात झुंजणारं द्रव्य काहीच नव्हतं. शरीराला तेवढी सवडच मिळाली नव्हती. अण्णांच्या रक्तात ते भरपूर निघालं. त्या धावपळीत त्यांनाही ताप येऊन गेला असणार, आणि कुणी विचारलंही नसणार. दोन नळ्या शेजारी ठेवल्या की सगळ्या डब्यात इतकी सुरेख जोडी दुसरी नव्हती.

साहेब खांद्यावरून वाकून म्हणाले, "नंबर एक फार छान आहे."

दुसऱ्या कुणाला कळण्याचा प्रश्नच नव्हता. मी म्हटलं, "सर, ही जोडी नाही. दोन वेगळी माणसं आहेत."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि ते आपल्या खोलीत गेले. मी त्या ओळीवर रेघ मारली आणि पुढे लिहिलं: जोडी नाही, रद्द. पुढे इन्फ्लुएंझावर मी पुष्कळ लिहिलं, त्यातलं बरंचसं माझ्याशिवाय कुणी वाचलं नसेल. पण ते तीन शब्द लिहायला मला जितका वेळ लागला, तितका एखादा निबंध लिहायलाही लागला नाही.

वहिनीच्या पहिल्या मासिक श्राद्धाला आम्ही दोघं पुन्हा कुंभकोणमला गेलो. परतताना अण्णा स्टेशनापर्यंत पोचवायला आले. आमची पिशवी त्यांनीच धरली होती, मला देत नव्हते. गाडीला अवकाश होता. फलाटावर ते रुळांकडे बघत म्हणाले, "आमचें काय निघालें रे?"

आयुष्यात प्रयोगाचा निष्कर्ष मी एकदाच बदलला, तो त्या फलाटावर.

"जमली, अण्णा. सगळ्यांत चांगली जोडी तुमचीच निघाली. त्यावरून पुढचें काम चाललें आहे."

त्यांनी मान हलवली. पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "बरें झालें," म्हणाले. मग गाडी येईपर्यंत ते पाण्याच्या तांब्याविषयी बोलत होते. भरून घेतला आहे का, झाकण घट्ट आहे का.

तिरुविडैमरुदूर स्टेशन गेलं. बायको खिडकीशी बसून बाहेर बघत होती. मी म्हटलं, "खोटें बोललों मी. पण त्यांचा चेहरा पाहिलास ना? बरें वाटलें त्यांना." मला स्वतःचं थोडं कौतुकच वाटत होतं.

आडुतुरै आलं. तेव्हा ती माझ्याकडे वळून म्हणाली, "काल सकाळीं विहिरीपाशीं त्यांनीं मलाच विचारलें. लग्न होऊन आल्यापासून समोर उभे राहून कधीं बोलले नव्हते, काल बोलले. मला खोटें सुचेना. दोघांच्या रक्ताची एक जोडी होत नाहीं, असें सांगून टाकलें मी. ऐकून घेतलें त्यांनीं, आणि माझी घागर उचलून दिली. सगळें ठाऊक असून आज तुम्हांस विचारलें त्यांनीं. आतां पत्र पाठवून खरें कळवायला जाऊं नका."