दुसऱ्यांच्या गाऱ्हाण्यांचे धनी

"नाव टाकू का तुमचं?"

गाऱ्हाणं ऐकून झालं की आमचे संपादक एवढंच विचारायचे. समोरचा माणूस खाली बघायचा. मग ते चहाचा कप त्याच्यापुढं सरकवत म्हणायचे, "ऱ्हाऊ द्या. माझं टाकतो."

आमच्या तालुक्यात साहेबांना विचारल्याशिवाय बोअरसुद्धा पडत नसे. बाजार समिती त्यांची, कारखाना त्यांचा. फौजदारही आधी त्यांना फोन करायचा, मग गुन्हा नोंदवायचा. अशा ठिकाणी हे चार पानी साप्ताहिक. मी त्याची पानं संगणकावर लावायचो. तुम्ही ते वाचलं असतं तर म्हणाला असता, एकाच माणसाच्या मागं किती ही साडेसाती! एका अंकात संपादकांचं रेशन बंद झालं होतं, विहीर बुजवली होती आणि बाळंतीण सुनेला दवाखान्यातून हाकललं होतं. त्यांना सून कुठली, मूलबाळच नव्हतं.

"लोक भित्रे आहेत," मी एकदा चिडून म्हणालो.

"लेकरंबाळं हायेत त्यांना. भ्यावंच लागतंय. मला बी लई भ्या वाटतंय."

पुढं वाळूउपसा अडवणारा एक तरुण टिपरखाली मेला. सगळीकडं 'अपघात' छापून आलं. त्याची आई आमच्याकडं आली, तेव्हा टिपर साहेबांच्या पुतण्याचा होता हे संपादकांनी लिहिलं. अंक निघाला आणि भर दुपारी, भरलेल्या एसटी स्टँडवर त्यांचा उजवा हात मोडला. साक्षीदार एकही मिळाला नाही.

बीडहून संपादकांचे मेहुणे आले. "दाजी, चला. खोली बघितलीय. तिथून लिहा की."

"तिथं माझ्याकडं गाऱ्हाणं घेऊन कोन यील?"

काकूंनी, म्हणजे संपादकांच्या पत्नीनं, भावानं भरलेली पिशवी उचलली आणि त्यातले कपडे परत दांडीवर टाकले.

पुढचा अंक संपादकांनी तोंडी सांगितला, मी टाईप केला. "पुतण्याचं नाव वगळू का?" मी विचारलं.

"मोठ्या टायपात घे."

गेल्या वर्षी ते हृदयविकारानं गेले. चौकात साहेबांनी श्रद्धांजलीचा फ्लेक्स लावला. त्यात साहेबांचा फोटो मोठा, संपादकांचा कोपऱ्यात. तिसऱ्या दिवशी काकू विळा घेऊन आल्या.

"हे उतरवा."

कुणी हललं नाही. काकूंनी चहावाल्याचं स्टूल ओढलं आणि वर चढल्या. मी स्टूल धरलं. त्यांनी एका बाजूच्या दोऱ्या कापल्या, तेव्हा दुसऱ्या बाजूची गाठ सोडायला पानवाला टपरीतून खाली उतरला.

साहेबांचा चेहरा आत करून काकूंनी घडी घातली. "सरपन भिजतंय," म्हणाल्या, आणि ती काखेत मारून घराकडं निघाल्या.