लॅपटॉपमधले उलटे पाहुणे

मला बघायला पाहुणे आले, तेव्हा ते छताला उलटे लटकलेले होते.

(घाबरू नका. तुमच्या वाटणीचं मी त्या दिवशीच घाबरून घेतलंय!)

टेंभुर्णीच्या आमच्या घरातली मी पहिली ग्रॅज्युएट, तीही कॉम्प्युटरची. मुलगा पुण्यात कंपनीत. त्याला सुट्टी मिळेना, म्हणून बघण्याचा कार्यक्रम व्हिडिओ कॉलवर ठरला. फोटोतला मुलगा मला आवडला होता. घरात कुणाला बोलले नव्हते, पण हे स्थळ हातचं जाऊ नये एवढं मात्र मनात पक्कं होतं. म्हणून सकाळीच लॅपटॉप तपासायला बसले. चित्र जरासं थरथरत होतं. म्हटलं, ड्रायव्हर जुना झाला असणार. ड्रायव्हर म्हणजे स्क्रीनवर चित्र कसं दाखवायचं ते कॉम्प्युटरला सांगणारा प्रोग्राम. कुठल्याशा साइटवरून नवा उतरवला आणि बसवला. लॅपटॉप दोनदा धाडकन बंद पडला आणि मग सुरू झाला तो शीर्षासन घालूनच! सेटिंगमधून सरळ करायला गेले, तर स्क्रीन फिरवायचा पर्यायच गायब! आणि तेवढ्यात कॉल आला.

"जय भीम!" पाहुण्यांनी उलटे हात जोडले.

"अरे बापरे, हे काय!" माझे वडील, अप्पा, ओरडले. "पाव्हणे वटवाघळावानी लटकून राह्यले!"

"हळू बोला ना! आवाज जाऊन राह्यला तिकडं!" आईनं अप्पांना कोपरानं ढोसलं.

आमचे मामा मोठे व्यवहारी. "एवढी शिकली, अन् इतकं न्हाई कळत? लॅपटॉप उलटा कर, पाव्हणे सरळ!" असं म्हणून त्यांनी लॅपटॉप उचलला आणि तंबूसारखा पालथा उभा केला. कीबोर्ड मागं, स्क्रीन पुढं. आणि काय सांगू, पाहुणे खरंच सरळ झाले!

पण त्यांचे चेहरे पांढरे पडले. कारण कॅमेरा लॅपटॉपलाच होता. आता तिकडं आम्ही उलटे! मी, माझी साडी, पोह्यांच्या बशा, सगळं खाली डोकं वर पाय!

"पाव्हणे," मुलाचे वडील चाचरत म्हणाले, "तुमच्याकडं सगळं बराबर हाय ना?"

"बिलकुल बराबर!" उलटे अप्पा हसून म्हणाले.

माणसं भली होती. आम्हाला लाज वाटू नये म्हणून त्यांनीही आपला लॅपटॉप पालथा केला. झालं! ते परत छताला!

"मंग आपणबी फिरवू," मामा म्हणाले.

"मामा, हात लावू नका!"

पण मामांनी फिरवला. मग त्यांनी फिरवला. मग परत मामांनी. दोन घरं आळीपाळीनं लॅपटॉप उलथत होती, तव्यावरची भाकरी उलथावी तशी! या गोंधळातच मुलाच्या आईनं विचारलं, "बाई, कॉम्प्युटरमधलं काय काय येतं तुला?"

मी तोंड उघडायच्या आत अप्पा अभिमानानं म्हणाले, "सगळं येतं! हा लॅपटॉप आज सकाळीच तिनं दुरुस्त केला!"

मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. शेवटी ठरवलं, जुना ड्रायव्हरच परत बसवायचा. पालथ्या लॅपटॉपच्या मागून हात घालून, शेळीची धार काढावी तशी बटणं दाबत सुटले. (पदर कुठं होता, विचारू नका.) एकदम स्क्रीन निळी झाली, मग काळी झाली आणि पाहुणे गेले!

"गेलं स्थळ!" आई मटकन खाली बसली.

इतक्यात अप्पांचा फोन वाजला. मुलाचे वडील! अप्पांनी स्पीकर लावला.

"पोरगी पसंत हाय," ते म्हणाले. "आमचं पोरगं कधी न्हाई ते पोट धरून हसून राह्यलं. पण एक अट हाय."

आम्ही सगळे फोनवर वाकलो.

"लग्नानंतर तिनं लॅपटॉपला हात लावायचा न्हाई."

लग्न झालं. आज सासरी बाजार, पाहुणेरावळे, घर, सगळीकडं माझाच शब्द चालतो. लॅपटॉप मात्र सासूबाई चालवतात. मी त्यांचा चष्मा पुसून देते. शेवटी घरातली कॉम्प्युटर ग्रॅज्युएट मीच ना!