क्रुसाच्या सणाला पास्कलची गाडी

दोन वर्षं मी देवाशी नीट बोलत नव्हते. रविवारी चर्चमध्ये मिस्सेला जायचे, सगळ्यांबरोबर उठायचे, बसायचे, ओठ हलवायचे. पण आत काही हलत नसे. माझे पती पास्कल यांच्या मणक्याचं ऑपरेशन झालं, आणि त्यानंतर पायांत पूर्वीचं बळ आलंच नाही. घरातल्या घरात वॉकर धरून चालायचे, तेवढंच. हा माणूस जन्मभर वाडीत रमलेला. केळी, सुपारी, थोडा मोगरा. घरापासून वाडी पंधरा मिनिटांवर, पण वाट सगळी वाळूची आणि अरुंद. रिक्षा तिथे जात नाही, व्हीलचेअरची चाकं रुततात. पुतण्यांनी खुर्चीवर बसवून उचलून न्यायची तयारी दाखवली, तर हे म्हणाले, "जिवंतपणी मला चौघांनी उचलायची गरज नाही." त्यानंतर त्यांनी वाडीचं नाव काढणंच सोडलं. दिवसभर ओटीवर बसून रस्त्याकडे बघत राहायचे. मला त्यांच्या पायांपेक्षा त्या बघण्याची भीती वाटायची.

एका संध्याकाळी बहिणीच्या नातवंडांना घेऊन मी समुद्रावर गेले होते. तिथे पर्यटकांना वाळूत फिरवणाऱ्या रुंद टायरच्या चार चाकांच्या गाड्या असतात, एटीव्ही म्हणतात त्यांना. मी सहज बघत उभी होते आणि लक्षात आलं, की हिला पायांचं काही कामच नाही. अंगठ्याने वेग द्यायचा, हातानेच ब्रेक लावायचा. धंदा बंद करणाऱ्या एका माणसाकडून त्यातली सगळ्यात जुनी, टू-स्ट्रोक गाडी मी आठवड्याभरात घरी आणली. पास्कलनी तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि दोन वर्षांनी पहिल्यांदा हसले. "टीचरबाई, निवृत्त झाल्यावर हे शिकलीस होय?" म्हणाले.

पण ती गाडी काही चालू राहीना. बटण दाबलं की सुरू व्हायची, चार-पाच मिनिटं छान आवाज करायची, मग धाप लागल्यासारखी घरघरून बंद पडायची. माणिकपूरच्या एका मेकॅनिकने गाडी टेम्पोतून उतरवायच्या आधीच हात जोडले, "टीचर, टू-स्ट्रोकचे पार्ट आता कुठे मिळणार? इसको भंगार में डालो." मग मीच पदर खोचला. मोबाइलवर व्हिडिओ बघून प्लग काढायला शिकले, पॉलिश पेपरने घासायला शिकले. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून कार्बोरेटर उघडला, त्याची भोकं बारीक तारेने साफ केली. पेट्रोलमध्ये ऑइल किती घालायचं, ते औषधाच्या मापाने मोजलं. पास्कल बाजूला बसून पुर्जे हातात देत, आणि कुठला पुर्जा कुठे होता यावरून आमची भांडणं होत. घरात पुन्हा भांडणं होऊ लागली, याचंसुद्धा मला बरं वाटायचं. गाडी बंद पडली की मी आधी टाकीचं झाकण उघडून पेट्रोल बघायचे, झाकण लावायचे, आणि बटण दाबण्याआधी तोंडात आपोआप 'नमो मरिये' ही प्रार्थना यायची. गाडी सुरू व्हायची. देवाशी अबोला धरलेली मी मनात म्हणायचे, बघ, एवढं तरी ऐकतोस.

मे महिन्यात आमच्या गावच्या क्रुसाचा सण असतो. हा क्रूस आमच्या वाडीच्या टोकालाच आहे. लग्न झाल्यापासून मी बघतेय, सणाला पहिला हार आमच्या मोगऱ्याचा, आणि तो पास्कलच घालणार. गेली दोन वर्षं तो पुतण्यांनी घातला. या वर्षी यांनी स्वतःहून विचारलं, "गाडी नेईल का गं तिथपर्यंत?" मी नवा प्लग घातला, सकाळी टाकी काठोकाठ भरली, अंगणात दोन फेऱ्या मारून बघितल्या. नेईल, म्हटलं.

पाचच्या सुमाराला निघालो. हे पांढरा शर्ट घालून गाडीवर, हार समोरच्या पिशवीत, आणि मी बाजूने चालत. बरोबर निम्म्या वाटेत, दोन्हीकडे केळीच, माणूस नाही काणूस नाही, तिथे गाडी घरघरली आणि थांबली. बटण दाबलं, परत दाबलं. सकाळीच टाकी भरली होती, म्हणून पेट्रोल बघायचं कारणच नव्हतं. प्लग काढून पुसून परत लावला. ढकलून बघितलं, चाकं वाळूत बसली. क्रुसाकडून प्रार्थना सुरू झाल्याचा आवाज येऊ लागला. पास्कल हळूच म्हणाले, "राहू दे. मी इथे बसतो, तू हार घेऊन जा." त्यांच्या चेहऱ्यावर परत ते ओटीवरचं बघणं आलं. माझा बांध फुटला. तेलकट हात तसेच वर करून मी मोठ्याने बोलले, "मला येत होतं ते सगळं केलं. आता मला काही कळत नाही. तूच बघ."

"काय झाला गं बाय? गारी बंद परली?"

मागे डोक्यावर टोपली घेतलेली एक कोळीण उभी होती. अर्नाळ्याकडची, सुकी मासळी विकायला आलेली. सणाच्या मांडवामुळे नेहमीचा रस्ता अडला, म्हणून ती या वाटेला वळली होती. टोपली खाली ठेवून तिने विचारलं, "थोरी चालते न् मरते ना? टाकीचा झाकन खोल."

"पेट्रोल भरलेलं आहे," मी म्हटलं.

"तू खोल तं खरा."

मी झाकण फिरवलं आणि आतून 'फुस्स' असा आवाज आला. ती हसली. "आमचे दर्यातले होरीचा मशिन पन असाच मरतं. झाकनाला हवेचा भोक असतं, ता बंद झाला. आत हवा नाय शिरली तं पेट्रोल भायेर कसा येल?" पदराची पिन काढून तिने झाकणाचं बारीक भोक टोकरलं, फुंकर मारली. समुद्रावरची वाळू आणि मीठ तिच्या तळहातावर पडलं. झाकण लावलं, मी बटण दाबलं, आम्ही दोघींनी मागून जोर लावला, आणि गाडी जी सुटली ती सुटलीच. धुराच्या लोटात आम्ही दोघी उभ्या, आणि केळींच्या आड पास्कलचं हसणं लांब लांब जाताना ऐकू येत होतं.

"अगं बाय, तुझा नवरा तं पलाला!" ती म्हणाली, आणि आम्ही हसून हसून वाळूत बसलो.

पोहोचलो तेव्हा लोक टाळ्या वाजवत होते. गाडीवर बसल्या बसल्या यांचा हात क्रुसापर्यंत पुरत होता. त्यांनी हार घातला आणि कपाळ क्रुसाला टेकवलं, बराच वेळ. हिराबाय, तिचं नाव हिराबाय, सणाला वाटतात ते उकडलेले चणे खात गर्दीत बसली. प्रार्थना संपल्यावर तिचे बोंबील आणि सोडे गावातल्या बायकांनी हातोहात नेले. आता ती दर आठवड्याला येते आणि आधी गाडीची चौकशी करते.

घरी आल्यावर मला आठवलं, की गाडी दरवेळी सुरू व्हायची ती मी झाकण उघडायचे म्हणून. म्हणजे उपाय रोज माझ्याच हातून होत होता आणि मला कळत नव्हतं. फादरांना मी हे सांगितलं, तर ते नुसते हसले. याला कोणी योगायोग म्हटलं तर मी वाद घालणार नाही. मला एवढंच ठाऊक आहे, की मी हात वर केले आणि हिराबाय आली. अबोल्याआधीची माझी प्रार्थना म्हणजे देवाला दिलेली कामांची यादी होती. अमुक कर, असं कर, एवढ्या दिवसांत कर. पायांचं बळ अजून आलेलं नाही, कदाचित येणारही नाही. पण पास्कल रोज सकाळी एकटे वाडीत जातात आणि उन्हाने लाल होऊन, भुकेले होऊन परत येतात. गाडीचा आवाज केळींच्या आड गेला, की मी दारात उभी राहून म्हणते, "प्रभू, तू आहेस ना बरोबर? मग मी आत जाऊन भाकऱ्या थापते."