रस्ता संपला तरी

लॉन्ड्रीत तिला सगळे झोपाळा म्हणत. इस्त्रीच्या टेबलापाशी उभी राहिली की ती या पायावरून त्या पायावर डुलत राही. तिला स्वतःला याचा पत्ताच नसे. "ताई, सुरू झालात बरं का," असं काउंटरवरची बाई म्हणाली की ती ओशाळून थांबे. दोन शर्ट होईपर्यंत पुन्हा सुरू.

मालकानं एकदा काळजीनं विचारलं, "पाय दुखतात का? स्टूल आणू?"

"पाय ठणठणीत आहेत हो. पोर झोपवत होते ना, तेव्हापासूनचं आहे हे."

पोर धाकट्या बहिणीचं. बाळंतपणात बहीण जी आजारी पडली ती चार वर्षं अंथरूण आणि दवाखाना यातच राहिली. वीस दिवसांची मुलगी हिच्याकडे आली. हिचं लग्न व्हायचं होतं, ते मग राहूनच गेलं. खाली ठेवली की पोरगी टाहो फोडी, म्हणून कडेवर घेऊनच हिनं स्वयंपाक केला, कपडे वाळत घातले. पुढे बहीण बरी झाली आणि लेकीला घेऊन नवऱ्याच्या बदलीच्या गावी गेली. जिचं मूल तिच्याकडे गेलं, यात रडण्यासारखं काय, असं ही सगळ्यांना सांगे. आणि दुकानाच्या रांगेत पिठाची पिशवी कडेवर घेऊन थोपटत उभी राही.

सात वर्षांनी मायलेकी चार दिवस राहायला आल्या. मुलगी चांगली उंच झाली होती. "कशी आहेस मावशी?" एवढं विचारून ती पुस्तकात डोकं घालून बसली. हिला तिला जवळ घ्यायचं होतं. पण ठरवून कसं घेणार? नुसत्या विचारानंच हात जड व्हायचा.

निघायच्या दिवशी तिघी चालत स्टँडवर गेल्या. मोठा रस्ता ओलांडून बऱ्याच पुढे आल्यावर मुलगी हळूच म्हणाली, "मावशी, रस्ता संपला."

हिनं खाली पाहिलं. मुलीचं मनगट हिच्या मुठीत घट्ट होतं.

"अगं बाई! दुखलं का गं?"

"नाही." मुलीनं हात सोडवूनही घेतला नाही.

स्टँडवर मुलगी पाण्याची बाटली आणायला गेली, तेव्हा बहीण म्हणाली, "ताई, तिचा हात कधी धरलास, कळलं तुला?"

"नाही गं. चुकलंच माझं."

"चुकलं कसलं? मला अजून आठवण ठेवावी लागते. गाड्या दिसतात, मग मनात येतं, हिला धरायला हवं. तोवर ती पलीकडे पोचलेली असते."

इतकी वर्षं आपल्याच वाट्याला रिकामपण आलं, असं ही धरून चालली होती. तिनं बहिणीच्या पाठीवरून नुसता हात फिरवला.

गाडी सुटताना खिडकीतून दिसलं, बहिणीनं लेकीचा हात आपल्या मांडीवर घेतला होता, जरा अवघडूनच.

"होईल सवय," ती पुटपुटली. ती सवय व्हावी असं तिला वाटत होतं, आणि वाटतही नव्हतं.