सोमाजी ठेकेदाराचा विमानाजवळचा फोटो

चांद्यात कुंताबाईच्या हातचा एकही फोटो नसलेलं घर शोधावं लागेल. लग्नं, बारशी, कागद गिरणीतल्या कामगारांचे पास, तिने सगळं कॅमेऱ्यातल्या काचेवर उतरवलं. पण ती कुणाला हसवत नसे. "हासून कोनाले दाखवता? नीट उभे राहा," असं नवरदेवालाही सुनवायची.

बापूजी फोटोवाल्यांच्या दुकानात ती आली ती भांडी घासायला. मग अंधारखोलीतल्या काचा धुऊ लागली आणि धुता धुता काम शिकली. पुढे बापूजींच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरले. ते कॅमेऱ्याच्या काळ्या कापडाखाली डोकं घालायचे आणि कुंताबाई बाहेरून सांगायची, "बापूजी, गिऱ्हाईक तिकडं हाये." एक दिवस त्यांनी ते कापड तिच्याच डोक्यावर टाकलं आणि खुर्ची उन्हात ओढून बसले.

चांद्याला येण्याआधी ती अहेरीकडच्या एका गावात इस्तारी ढिवराची बायको होती. तळ्यातली मासोळी आणि दोन बांध्या धान, एवढ्यावर घर चालायचं. त्रेचाळीस साली, धान कापणीच्या दिवसांत, लढाईवर निघालेलं एक विमान त्या तळ्यात पडलं. कुंताबाई माहेरी होती. गाव शेतात होतं. इस्तारी पाण्यावर होता आणि बांधावर सोमाजी ठेकेदार होता, जंगलातल्या लाकडाचा ठेका घेणारा.

ती परतली तेव्हा इस्तारीचे दोन्ही हात कोपरापर्यंत जळालेले होते आणि धुराने त्याचा घसा बंद झाला होता. विमानातला गोरा सोमाजीच्या बैलगाडीतून अहेरीला पोचला होता, शुद्ध नसलेला पण जिवंत. सोमाजीने सरकारी माणसांना सांगितलं, "साहेबाले मी काढलं. हा ढिवर विमानातलं सामान चोराले चढला अन् भाजला." त्यांनी इस्तारीचं घर तपासलं. ढोलीतलं धान अंगणात ओतलं, मासेमारीचा डोंगा ओढून नेला. कुंताबाईने नवऱ्याच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं, "तुमीच काढलं न त्याले?" त्याने डोळे मिटून होकार दिला. कसं काढलं, ते सांगायला त्याच्याकडे आवाज नव्हता आणि दाखवायला हात नव्हते. नवव्या दिवशी तो गेला.

सोमाजीला सरकारकडून शिक्क्याचा कागद मिळाला आणि बंदूक मिळाली. कुंताबाई गावात पाणी भरायला गेली की बायका बाजूला सरायच्या. चोराची बायको. ती एकोणीस वर्षांची होती. एक गाठोडं घेऊन ती चांद्याला आली.

सत्तावन्न साली चांद्यात एका जुन्या गोदामात संग्रहालय उघडायचं ठरलं. तिथे दोन विमानं ठेवली होती. एक लष्कराने निवृत्त करून पाठवलेलं, रंग दिलेलं. दुसरं त्या तळ्यातलं. चौदा वर्षं गाळात रुतलेलं ते विमान बैलांच्या आठ जोड्या लावून बाहेर काढलं होतं. संग्रहालयाच्या साहेबांना दोन्हींचे मोठे फोटो हवे होते. तळ्यातल्या विमानाजवळ त्याच्या वैमानिकाचा जीव वाचवणारे सोमाजीभाऊ उभे राहतील, फोटो विमानाशेजारी भिंतीवर लागेल आणि खाली पाटीवर त्यांचं नाव राहील, असं साहेबांनी दुकानात येऊन सांगितलं.

बापूजींना तिची कहाणी माहीत होती. ते म्हणाले, "मी जातो. तू नको येऊ."

"तुमाले विमान दिसन का?"

"विमान दिसते मले. येवढं मोठं हाये."

"मंग सोमाजी नाई दिसाचा. मी जातो."

गोदामाला वरच्या बाजूला चार झरोके होते, बाकी अंधारच. गोदामातल्या जुन्या कापडाला आग लागेल म्हणून साहेबांनी फोटोसाठी उजेड पाडणारी पूड जाळू दिली नाही. अशा उजेडात विमान नाकापासून शेपटीपर्यंत स्वच्छ यायचं, तर भिंगाचं भोक बारीक करून त्यावरची टोपी बराच वेळ काढून ठेवावी लागते. तेवढ्या वेळात जे स्थिर असतं तेवढंच काचेवर उमटतं. हलणारं माणूस काचेवर बसत नाही. गिऱ्हाइकाला दगडासारखं उभं करणं हे फोटोवाल्याचं काम. कुंताबाईने त्या दिवशी भोक नेहमीपेक्षाही बारीक केलं.

सोमाजी कोट घालून आला होता. त्याने तिच्याकडे पाहिलंही नाही. तिपाईकडे पाहून म्हणाला, "बापूजी नाई आले? बाई काढते का फोटो?"

"काढतो जी."

"कसा उभा राहू?"

ती कापडाखाली वाकलेली होती. तिथून म्हणाली, "उभे नका राहू, भाऊ. उभं राह्यलेलं मानूस मेल्यावानी दिसते. विमानातल्या साहेबाले कसं काढलं ते सांगत राहा, हात करून दाखवा. मी मधात काढून घेतो."

सोमाजी खूश झाला. तिने टोपी काढली आणि मनात मोजू लागली.

"हे विमान असं पडलं होतं, तोंड पान्यात," तो सांगू लागला. "धूर येवढा का माहा हात मले दिसे नाई. मी डोंगा आडवा लावला, असा. पंखावर चढलो त पाय चरकन भाजला. साहेब पट्ट्यानं बांधलेला. पट्टा काई केल्या सुटे नाई. मंग कमरेची सुरी काढली. जाळं कापाची सुरी असते न, तशी."

कुंताबाईची गणती तिथे थांबली. ठेकेदाराच्या कमरेला जाळं कापायची सुरी कुठून येणार? तो पंखाजवळ गेला, वाकला, दोन्ही हात आत घातले. "एक पट्टा कापला. दुसऱ्याले हात पुरे नाई, म्हून आगीतून हात घातला. काढला नाई मांगं. साहेबाले काखेत धरला अन् पाठीवर पडून, एका पायानं पानी मारत आलो काठाले."

इस्तारी तसाच पोहायचा. पाठीवर, एका पायाने पाणी मारत, जाळ्याची दोरी छातीवर घेऊन. सोमाजीला पोहता येत नव्हतं. त्याने बांधावर उभं राहून हे सगळं पाहिलं होतं आणि चौदा वर्षं नीट जपून ठेवलं होतं. तिच्या नवऱ्याचं शेवटचं काम त्या एका माणसाकडे होतं आणि तो ते कोट घालून करून दाखवत होता.

टोपी लावायची वेळ केव्हाच होऊन गेली होती. तिने लावली नाही. "काठावर आनल्यावर काय केलं?" तिने विचारलं.

"काठावर? साहेबाच्या तोंडातला गाळ काढला. मंग मी खाली बसलो. हात पाह्यले." सोमाजीने आपले धडधाकट हात समोर धरले. मग कोटाच्या खिशात हात घालून म्हणाला, "झालं का, बाई?"

"झालं," ती म्हणाली आणि तिने टोपी लावली.

काच उजेड जास्त खाऊन गेली होती. रात्रभर ती वाया जाते की काय, या धाकात तिने पातळ औषधात ती हळूहळू धुतली. विमान आलं. पंखावरचे खिळे मोजता यावेत इतकं स्वच्छ. पंखाजवळ किंचित धुकं होतं, आणि त्या धुक्यातूनही पत्रा दिसत होता. सोमाजी कुठेच नव्हता.

उद्घाटन दोन दिवसांवर होतं. साहेबांनी फोटो पाहिला आणि म्हणाले, "विमान उत्तम आलंय. भाऊ यायचे राहिले, पण आता काय करणार?" पाटीवर नाव घातलं तर लोक विचारतील, यातले सोमाजी कोण. म्हणून त्यांनी नाव गाळलं. नुसतं लिहिलं, तळ्यातून काढलेलं लढाऊ विमान.

सोमाजी दुकानात आला. बापूजी उठून आत गेले.

"मी कुठी हाव फोटोत?"

"तुमी हालले."

"तूच त म्हनलं, सांगत राहा म्हून."

"हो. मीच म्हनलं."

"कोनाची हायेस तू?"

"इस्तारीची."

त्याने आधी दाराबाहेर पाहिलं. मग खालच्या आवाजात म्हणाला, "मी साहेबाले सांगतो. पाटीवर लिवू दोघायचंई. सोमाजी, अन् संगं इस्तारी ढिवर. मंग दुसरा फोटो काढ."

"संगं?"

"मंग काय लिवू? तूच सांग."

"काई नका लिवू. त्याचं नाव नाई, त तुमचंई नाई. जा आता, मले काचा धुवाच्या हायेत."

उद्घाटनाला सोमाजी विमानाजवळ उभा राहून गोष्ट सांगू लागला, तेव्हा कुणीतरी फोटोकडे बोट करून विचारलं, "मंग यात तुमी काऊन नाई?" बाजूचे हसले. तेव्हापासून ती गोष्ट त्याने सांगितली नाही. संग्रहालयात तो पुन्हा गेला नाही. कुंताबाई मात्र महिन्यातून एकदा जायची, फोटोपुढे उभी राहायची आणि परत यायची.

सोमाजी एकोणसाठच्या चैत्रात मेला. कळलं त्या दिवशी तिने दुकान नेहमीच्या वेळी उघडलं. तेरावं झाल्यावर ती साहेबांकडे गेली आणि इस्तारीने काय केलं ते पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं. डोंगा, सुरी, दुसरा पट्टा, तोंडातला गाळ, आणि सोमाजी पाटीवर दोघांची नावं लावायला तयार झाला होता, तेही. साहेबांनी सगळं लिहून घेतलं. शेवटी विचारलं, "हे पाहणारं कुणी आहे का, बाई? त्याशिवाय पाटी बदलता येत नाही."

"होता एक जन. मेला."

"सोमाजीभाऊ? मग ते जिवंत असताना का नाही आणलंत त्यांना? नाव लावायला तयार होते म्हणता."

"तवा मले त्याले पुसून टाकाचं होतं," कुंताबाई म्हणाली.