समोरच्या पार्टीजवळ बसणारे उकंडराव

मी लग्न होऊन खामगावात आले त्या दिवशी आमच्या दारात चपला काढता काढताच शेजारच्या ओसरीवरून एका गृहस्थानं माझ्या नवऱ्याला विचारलं, "पार्टी कोठची म्हनायची?" माझ्या माहेरी, वरवट बकालला, पार्टी एकच माहीत होती, ती म्हणजे लग्नात वाजवायला येणारी बँड पार्टी. त्यामुळे हा माणूस मला बाजेवाली समजला असं वाटून मला इतका राग आला, की पहिला आठवडाभर मी त्यांच्या भिंतीकडेही पाहिलं नाही.

ते उकंडराव. कापसाच्या बाजारात दलाल. शाळा चौथीपर्यंत झालेली, इंग्रजी शब्द बाजारात कानावर पडतील तेवढे, पण त्यातला हा एक त्यांना असा काही मानवला की इंग्रजीची सगळी गरज त्यांनी त्याच्यावर भागवली. कापूस विकणारा पार्टी आणि घेणारा तर पार्टीच. ज्याच्याकडे जमीनजुमला तो मोठी पार्टी. जो बोलण्यात कोणाला हार जात नाही तो तिखट पार्टी. एकादशीला टाळ घेऊन येत ती भजन पार्टी, तहसीलदाराची बदली झाली की कचेरीत फरसाण वाटत ती चहा पार्टी, आणि भावाभावांत बांधावरून कोर्टकचेरी झाली की ज्याचं तोंड पाहायचं नाही तो समोरची पार्टी. सोजराबाई, म्हणजे त्यांची बायको, चिडलेली असली की ते मला भिंतीवरून हळूच सांगत, "आज घरची पार्टी गरम आहे, ताक मांगाले येऊ नका." नव्या सुनेला ताक न मिळण्याचं कारण कळायला असा शेजारी लागतो.

महाराष्ट्र होऊन दोनेक वर्षं झाली होती तेव्हा निवडणूक आली. आता हा शब्द ज्याच्या त्याच्या तोंडी झाला. गल्लीतली पोरंसुद्धा एकमेकांना तू कोणत्या पार्टीचा म्हणून विचारू लागली. उकंडरावांना त्याचा जरा रागच आला, आपली वापरातली वस्तू शेजाऱ्यानं न विचारता नेल्यासारखा. झेंडेवाले सगळे त्यांच्या ओसरीवर चहा पिऊन गेले आणि उकंडरावांचं मत आपलंच, असं प्रत्येकाला वाटलं. मत कोणाला दिलं हे सोजराबाईंनाही कधी कळलं नाही.

लबाड म्हणावं, तर तसा हा माणूस नव्हता. त्यांच्या धंद्याची रीतच तशी होती. शेतकरी बैलबंडीच्या जुवावर बसलेला, व्यापारी गादीवर, आणि भाव काही केल्या जुळत नाही, अशी वेळ आली की इतर दलाल जागच्या जागी ओरडत. उकंडराव उठायचे, धोतर झटकायचे आणि ज्याच्याकडून बोलत होते त्याला सोडून चक्क दुसऱ्याच्या शेजारी जाऊन बसायचे. तिथं बसले की त्याच्यासाठी बोलायचे. व्यापाऱ्याजवळ बसले की शेतकऱ्याच्या बंडीत कोपरापर्यंत हात घालून तळचा ओलसर कापूस स्वतःच काढून दाखवायचे. शेतकऱ्याजवळ बसले की व्यापाऱ्याला त्याच्या काट्यावरून असं बोलायचे, की त्यानं पाणी मागावं. दोघंही शिव्या द्यायचे आणि दोघंही पुढच्या वेळी त्यांनाच शोधत यायचे. माझे यजमान म्हणत, उकंडराव कोणाच्याच बाजूचा नाही. मला ते पटत नसे. ज्याच्याजवळ बसतील त्याचे ते होऊन जात, एवढंच.

हे सगळं मी सांगतेय ते त्यांच्या पुष्पामुळे.

पुष्पा त्यांची एकुलती एक. मॅट्रिकला गणितात नापास झालेली, जिभेला धार, आणि माझ्यावर फार जीव. लग्नाची झाली तेव्हा तिला विषमज्वर झाला. पोर वाचली, पण कमरेपर्यंतचे केस मूठ मूठ गळले. नंतर आले ते मानेपर्यंत. त्या केसांपायी दोन स्थळं चहा पिऊन परत गेली. तिसरं आलं वडनेर भोलजीहून, वामनरावांच्या भगवंताचं. विहिरीची शेती, स्वतःचं इंजिन, मुलगा निर्व्यसनी. आणि गंमत अशी, की पुष्पानं त्याला नांदुऱ्याला मावशीकडच्या लग्नात पंगतीत वाढताना पाहिलेलं होतं. म्हाताऱ्या बायांच्या पानाशी तो वाकून वाकून वाढत होता म्हणे. एका दुपारी गहू निवडता निवडता ती खाली पाहूनच मला म्हणाली, "वहिनी, हे जमलं पाह्यजे." तिच्या तोंडून पाहिजे हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकला. नको म्हणण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं.

सोजराबाईंनी दोन गोष्टी ठरवल्या. एक, पुष्पाच्या वेणीत गंगावन घालायचं आणि त्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही. दुसरी, बोलणी करायला आपल्या भावाला मध्यस्थ म्हणून बोलवायचं. दुसऱ्या गोष्टीला उकंडरावांनी साफ नकार दिला. जन्मभर दुसऱ्यांचे सौदे जमवले, मग माझ्या घरात मले दलाल कायले पाह्यजे, असं त्यांचं म्हणणं पडलं. सोजराबाई तीन दिवस गरम होत्या.

पाहुणे आले. वामनराव, त्यांची बायको जनकाबाई आणि भगवंत. मी स्वयंपाकघरात पोह्यांपाशी, दाराच्या फटीला डोळा लावून. पुष्पाची वेणी सकाळी मीच घातली होती आणि ती इतकी छान जमली होती, की मलाच तिचा हेवा वाटला. पुष्पा आली, पाणी दिलं, नाव-गाव सांगितलं, आत आली. मुलगा तिच्याकडे पाहून हसला, हे मी पाहिलं. तो आल्यापासून एक अक्षर बोलला नव्हता, पण पाहायला आलेली मुलं अशीच बसतात.

मग बाहेर बोलणं निघालं. पाऊसपाणी झालं, सरकीचा भाव झाला, आणि पुढचं कोणी काढेना. मुलीच्या बापानं आधी बोलावं की मुलाच्या, हे दोघांनाही कळत नव्हतं. ते सांगायला मध्ये माणूसच नव्हता. मध्यस्थ असता तर त्यानं दोन शब्द इकडचे, दोन तिकडचे घेऊन गाडी पुढे ढकलली असती. उकंडराव चुळबुळ करू लागले. मला त्यांचे पाय दिसत होते. सौदा अडलेला त्यांना बघवत नाही, हे मला माहीत होतं, पण पुढे काय होणार ते मात्र माझ्या स्वप्नातही आलं नाही.

उकंडराव उठले. धोतर झटकलं. आणि सतरंजी ओलांडून वामनरावांच्या शेजारी जाऊन बसले.

तिथं बसले आणि वामनरावांचे झाले. म्हणाले, तुम्ही भले माणसं, तुम्ही इचारनार नाही, म्हणून तुमच्याकडून मीच इचारतो. पोरीत खोट काय? मग स्वतःच उत्तर द्यायला लागले. पोरगी रागीट आहे, खोटं बोललेलं तिला खपत नाही, समोर कोण आहे पाहात नाही. गणितात नापास झालेली आहे. पोळ्या जाड करते. आणि विषमज्वरानं तिचे केस गेले, आत्ता पाहिली ती वेणी गंगावनाची होती.

माझ्या हातातला झारा खाली पडला. सोजराबाईंनी पदर तोंडात कोंबला. पुष्पा भिंतीला टेकून उभी होती. मला त्या क्षणी उकंडरावांचा इतका संताप आला, की बाहेर जाऊन त्यांना हाताला धरून उठवावंसं वाटलं. बाजारात ठीक आहे हो. घरच्या लेकीच्या बाबतीत कोणी असं करतं?

बाहेर तिघंही पाहुणे उकंडरावांकडे पाहू लागले. आणि आपण कुठं बसलो आहोत हे उकंडरावांच्या तेव्हा ध्यानात आलं असावं. ते आपल्या मूळच्या जागेकडे पाहात राहिले, पण तिकडे परत जायचं त्यांना सुचेना.

पुष्पानं मानेमागे हात नेला. गंगावन ओढून काढलं, माझ्या हातात दिलं, आणि मी अडवायच्या आत बाहेर गेली. मानेपर्यंतचे केस विस्कटलेले, डोळ्यांत पाणी, आवाज मात्र खणखणीत. वामनरावांना म्हणाली, "माह्या बाबानं माहं सारं सांगितलं. आता तुमच्या पोराचंही कोनी सांगा."

वामनराव गडबडले. आमच्या पोरात काय असणार, असं काहीतरी पुटपुटले. उकंडराव नेमके त्यांच्याच शेजारी बसलेले, आणि त्यांनी सवयीनं, अगदी हळू विचारलं, "तळाले काही आहे का, वामनराव?"

जनकाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, सांगून टाका, नाहीतर मी सांगते. वामनराव काही बोलायच्या आत भगवंतच बोलला. पहिला शब्द बाहेर यायला इतका वेळ लागला, की आम्ही सगळे खाली पाहू लागलो. तो लहानपणापासून बोलताना अडत होता. घरून निघताना त्याला बजावलं होतं, काही झालं तरी तोंड उघडू नको.

"म... मले बो... बोलाले टाइम लागते," तो पुष्पाला म्हणाला. "थां... थांबा लागंल."

पुष्पा त्याचं वाक्य पुरं होईपर्यंत त्याच्याकडे पाहात उभी होती. एकही शब्द तिनं त्याच्या तोंडातून काढून घेतला नाही. मग म्हणाली, "थांबीन."

जनकाबाई उठल्या आणि त्यांनी तिला तिथंच जवळ घेतलं. आत सोजराबाई रडत होत्या, मी हसत होते की रडत होते ते मला आजही सांगता येणार नाही. पोहे तेवढे करपले. ते तसेच वाढले आणि वामनरावांनी ते दोनदा मागून घेतले.

पाहुणे गेल्यावर मात्र पुष्पा बापाशी बोलेना. लग्न ठरलं होतं, ज्याच्याशी पाहिजे त्याच्याशी ठरलं होतं, तरी बोलेना. तिचंही बरोबरच होतं. चारचौघांत आपल्या डोक्यावरचं आपल्याच बापानं काढून दाखवलं, हे काय कोणी एका घोटात गिळतं? दिवेलागणीला मी ताकाचं भांडं परत द्यायला गेले तेव्हा उकंडराव ओसरीवर एकटे बसले होते. पुष्पा दारात आली आणि उभ्या उभ्याच विचारलं, "बाबा, तुमी काऊन सांगितलं?"

मला वाटलं, ते सवय म्हणतील, चूक झाली म्हणतील.

"आज मी त्यायच्याजवळ जाऊन बसलो, म्हून आज सांगू शकलो," ते म्हणाले. "उद्या त्या घरात कोनी म्हनलं असतं का पोरगी फसवून देली, त तुह्याजवळ येऊन बसाले तिथं मी नसतो ना, बाई."

पुष्पा खाली बसली आणि तिनं त्यांचा हात धरला. रडायला सुरुवात मात्र उकंडरावांनी केली.